एसजीपीटीपुढचा तो ‘एच’ आणि मामाचा नॉर्मल रिपोर्ट

संध्याकाळी सहा ते आठ आमच्या लॅबच्या काउंटरवर रिपोर्ट न्यायला येणाऱ्यांची गर्दी असते. मी लॅब टेक्निशियन आहे, १४ वर्षं झाली, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात. लोक पाकीट तिथेच उभ्या उभ्या फोडतात आणि सगळ्यात आधी ठळक अक्षरातला आकडा शोधतात, आणि त्याच्यापुढे ‘एच’, म्हणजे ‘हाय’, वाढलेला, दिसला की चेहरा उतरतो. दोन वर्षांपूर्वी असेच एक दादा आले होते, ३८ वर्षांचे, किराणा दुकान आहे त्यांचं. लिव्हरच्या तपासणीत एसजीपीटी ८६, एसजीओटी ५२, बाकी सगळं व्यवस्थित. कागद माझ्यापुढे धरून म्हणाले, मॅडम, लिव्हर गेलं का माझं? आणि मी काही बोलायच्या आत शेजारच्या वहिनीच सांगायला लागल्या, अहो हे पीत नाहीत हो, कधीच नाही, तुम्ही डॉक्टरांना सांगा. डोळ्यात पाणी होतं त्यांच्या. लिव्हर म्हटलं की दारू, हे आपल्याकडे इतकं डोक्यात बसलंय की माणसाला आजाराआधी बदनामीची भीती वाटते.

त्याच वर्षी माझा मामा. वय ५८, एसटीत कंडक्टर होता, आयुष्यात दारूला शिवला नाही, शुगर मात्र १५ वर्षांपासून. त्याचा रिपोर्ट मीच काढला होता. एसजीपीटी ३६, म्हणजे नॉर्मल. एसजीओटी ४४, आमच्या लॅबची लिमिट ४०, म्हणजे किरकोळ. मी त्याला फोनवर म्हणाले, काही नाही मामा, ठीक आहे सगळं. चार महिन्यांनी त्याच्या पायावर सूज आली, डॉक्टरांनी फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी, करायला लावलं आणि निघालं सिरॉसिस, म्हणजे व्रण पडून पडून लिव्हर कडक झालेलं. रोज शंभर रिपोर्ट हाताखालून जाणाऱ्या भाचीला ते दिसलं नव्हतं. आकडे सगळे त्याच कागदावर होते, मी एकेक आकडा सुटा सुटा बघितला आणि एकत्र वाचला नाही. म्हणून हे लिहितेय. ८६ वाल्या दादांचं लिव्हर आज उत्तम आहे आणि ३६ वाल्या मामाचं निम्म्याहून जास्त खराब झालेलं होतं, हे कसं, एवढं जरी नीट समजलं तरी पुढच्या वेळी रिपोर्ट हातात आल्यावर तुम्ही घाबरणारही नाही आणि गाफीलही राहणार नाही.

आधी नावाचाच घोळ बघा. एलएफटी म्हणजे लिव्हर फंक्शन टेस्ट, लिव्हर काम कसं करतंय त्याची तपासणी. पण त्यातले सगळ्यात गाजलेले दोन आकडे, एसजीओटी आणि एसजीपीटी (काही रिपोर्टवर यांनाच एएसटी आणि एएलटी लिहिलेलं असतं, माणसं तीच), हे कामाबद्दल काहीच सांगत नाहीत. ही एन्झाइम्स लिव्हरच्या पेशींच्या आत असतात. पेशीला इजा झाली, सूज आली, ती फुटली की आतलं एन्झाइम रक्तात सांडतं आणि आमच्या मशिनला ते सापडतं. त्या दुकानदार दादांना मी त्यांच्याच भाषेत सांगितलं होतं, की समजा गोदामात ज्वारीची पोती आहेत, उंदरानं पोती कुरतडली की ज्वारी जमिनीवर सांडते, आम्ही रक्तात मोजतो ती सांडलेली ज्वारी. गोदामात अजून किती पोती शाबूत आहेत ते त्यावरून कळत नाही. आणि मामाची गोष्ट इथेच आहे, गोदाम जवळपास रिकामं झालं की सांडायलाही फारसं उरत नाही, मग जमीन स्वच्छ दिसते आणि रिपोर्टवर नॉर्मल छापून येतं.

दोघांपैकी एसजीपीटी हे मुख्यतः लिव्हरचं. एसजीओटी मात्र लिव्हरबरोबर स्नायूंमध्ये असतं, हृदयात असतं, लाल रक्तपेशींमध्येही असतं. त्यामुळे पोरगं परवा पहिल्यांदा जिमला गेलं, वजनं उचलली, अंग ठणकतंय आणि आज रक्त दिलं तर एसजीओटी वाढलेलं येणारच, थोडं एसजीपीटीही वाढतं, आणि लिव्हरला काहीही झालेलं नसतं. अशा वेळी डॉक्टर सीपीके नावाची स्नायूंची टेस्ट सांगतात, ती वाढलेली निघाली की उलगडा होतो. दुसरं कारण आमच्या बाजूचं आहे आणि ते सांगायला मला संकोच नाही. शीर सापडली नाही, सुईतून रक्त जोरात ओढलं गेलं, ट्यूब फार हलवली गेली की लाल पेशी ट्यूबमध्येच फुटतात. सेंट्रीफ्यूज फिरवून झालं की ट्यूबमध्ये लाल पेशी खाली बसतात आणि वर सीरम राहतं. एरवी ते सीरम गवताच्या काडीसारखं फिकट पिवळं असतं, पेशी फुटल्या असतील तर ते गुलाबी दिसतं. तसं दिसलं की सॅम्पल परत मागवायला पाहिजे, नाहीतर एसजीओटी खोटं वाढून येतं.

सीरमचा विषय निघालाच आहे तर अजून एक सांगते. काही ट्यूबमध्ये वरचं सीरम पिवळं नसतंच, पातळ ताकासारखं पांढुरकं, गढूळ असतं. ते रक्तातलं फॅट, ट्रायग्लिसराइड. पोटभर जेवून लगेच रक्त दिलं तरी थोडं तसं होतं, पण उपाशीपोटी दिलेल्या रक्तातही असं ताक दिसलं की मी समजते, या माणसाचं वजन, शुगर आणि लिव्हर तिन्ही बघायची वेळ आलीय. दुकानदार दादांची ट्यूब तशीच होती.

आता ‘एच’ लागतो कसा? लॅब जी नॉर्मल रेंज छापते ती साधारण अशी ठरते की निरोगी म्हणून धरलेल्या माणसांपैकी ९५ टक्के लोकांचे आकडे जिथे बसतात ती रेंज. म्हणजे ठणठणीत २० माणसांमधला एक जण त्या रेंजच्या बाहेर पडणारच, आणि एका एलएफटीमध्ये दहाएक आकडे असतात, त्यातला एखादा काठावर असणं अगदी शक्य आहे. लॅब बदलली की लिमिटही बदलते, कुठे ४०, कुठे ५०, कुठे ५५. दुसरी बाजू अशी की ही रेंज ठरवताना ज्यांना निरोगी धरलं त्यांच्यातच फॅटी लिव्हरवाले, म्हणजे लिव्हरमध्ये चरबी साठलेले, भरपूर होते, त्यामुळे लिव्हरचे बरेच डॉक्टर मानतात की खरं निरोगी एसजीपीटी पुरुषांमध्ये ३०-३३ च्या आत आणि बायकांमध्ये १९-२५ च्या आत असायला हवं. म्हणजे वजन वाढलेल्या ताईंचं ३८ आलं आणि पुढे ‘एच’ नाही, तरी डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

आकडा किती वाढलाय यावरून बराच अंदाज लागतो. लिमिटच्या दुप्पट-तिप्पट असेल आणि माणूस चालता-फिरता असेल तर बहुतेक वेळा फॅटी लिव्हर, दारू, एखादं औषध, किंवा हिपॅटायटिस बी-सी सारखा जुना मुक्काम ठोकून बसलेला विषाणू. आकडा हजाराच्या घरात असेल तर मात्र काहीतरी अचानक घडलंय, हिपॅटायटिस ए किंवा ई ची कावीळ, औषधाचा मोठा दणका, किंवा लिव्हरचा रक्तपुरवठा कमी पडलाय. आणि दोन आकड्यांचं एकमेकांशी नातं बघायचं. साध्या फॅटी लिव्हरमध्ये शक्यतो एसजीपीटी जास्त असतं. एसजीओटी त्याच्या दुपटीच्या वर असेल आणि सोबत जीजीटी नावाच्या लिव्हरच्या आणखी एका एन्झाइमचा आकडाही चढलेला असेल तर दारूचा संशय येतो. आणि दारू नसताना एसजीओटी एसजीपीटीच्या पुढे गेलं असेल तर लिव्हर आतून कडक होत चाललंय का हे बघायलाच पाहिजे. मामाचं ४४ आणि ३६. दोन्ही आकडे गरीब दिसत होते, पण त्यांचा क्रम उलटा होता.

दुसरी जोडी बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फटेज, एएलपी, हे लिव्हरमध्ये आणि हाडांमध्येही असणारं एन्झाइम. जुन्या लाल पेशी मोडल्या की पिवळा रंग तयार होतो ते बिलिरुबिन, लिव्हर त्यावर प्रक्रिया करून पित्तातून आतड्यात सोडतं. प्रक्रिया व्हायच्या आधीचं ते इनडायरेक्ट, नंतरचं ते डायरेक्ट. रिपोर्टवर एकूण १.८, त्यातलं बरंचसं इनडायरेक्ट, बाकी सगळं ठीक, हिमोग्लोबिनही ठीक, आणि असं पूर्वीही दोनदा आलेलं, तर बहुधा ते गिल्बर्ट सिंड्रोम असतं. नावाला घाबरू नका, तो जन्मापासूनचा स्वभाव आहे लिव्हरचा, उपास केला, ताप आला, जागरण झालं की आकडा थोडा वाढतो आणि परत उतरतो, उपचार काहीच लागत नाहीत. आषाढी-एकादशीच्या उपासाच्या दुसऱ्या दिवशी रक्त देऊन घाबरलेली कॉलेजची पोरं मी पाहिलीत. उलट डायरेक्ट वाढलेलं, एएलपी आणि जीजीटी दोन्ही चढलेले, लघवी कडक चहासारखी, शौचाचा रंग मातकट पांढरा आणि अंगाला खाज, असं असेल तर पित्ताची वाट कुठेतरी अडलीय, खडा असेल किंवा आणखी काही, तिथे सोनोग्राफी लगेच. एएलपी एकटंच वाढलं असेल आणि जीजीटी नॉर्मल असेल तर ते हाडांचं असू शकतं, वाढत्या वयाच्या मुलांमध्ये आणि गरोदरपणात तर ते वाढलेलंच असतं, त्यावरून लिव्हरवर खापर फोडायचं कारण नाही.

आणि खरं काम दाखवणारे आकडे कुठले? अल्ब्युमिन आणि पीटी-आयएनआर. अल्ब्युमिन हे प्रोटीन लिव्हरच बनवतं, साधारण ३.५ ते ५ असायला हवं. ते रक्तात जवळपास तीन आठवडे टिकतं, म्हणून ते घसरलेलं दिसतं तेव्हा प्रश्न जुना असतो (किडनीतून प्रोटीन जात असेल किंवा खाणंच कमी असेल तरीही घसरतं, तेही बघावं लागतं). रक्त गोठवणारे घटकही लिव्हरच करतं, ते कमी पडले की आयएनआर वाढतो, आणि हा आकडा काही दिवसांतच बदलतो, त्यामुळे तीव्र काविळीत डॉक्टर एसजीपीटीपेक्षा आयएनआरकडे डोळे लावून बसतात. गंमत अशी की आयएनआर एलएफटीच्या पॅकेजमध्ये बहुतेक ठिकाणी नसतोच, वेगळा सांगावा लागतो. काविळीच्या पेशंटचं एसजीपीटी १५०० वरून ३०० वर आलं म्हणून नातेवाईक पेढे आणतात आणि तिकडे बिलिरुबिन आणि आयएनआर वाढत चाललेले असतात, हे मी बघितलंय, म्हणून एकट्या एसजीपीटीवर खूश होऊ नका.

मामाच्या कागदावर अल्ब्युमिन ३.३ होतं. आणि त्याच दिवशीच्या सीबीसीमध्ये, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या टेस्टमध्ये, प्लेटलेट १ लाख ३० हजार, म्हणजे कमी. प्लेटलेट कमी म्हटलं की आपल्याकडे डेंग्यू, मी पण तेच गृहीत धरलं होतं, त्याला मागच्या महिन्यात ताप येऊन गेला होता. पण लिव्हर कडक झालं की त्यातून जाणाऱ्या रक्ताला अडथळा होतो, मागे पाणलोट फुगतो तसा प्लीहा फुगतो आणि प्लेटलेट त्यात अडकून पडतात. लिव्हरच्या आजाराची चाहूल पहिल्यांदा सीबीसीमध्ये लागते असं कितीतरी वेळा होतं.

हे सगळं एकत्र बघायला डॉक्टर एक साधं गणित वापरतात, फिब-४ म्हणतात त्याला, आणि ते घरी मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. वय गुणिले एसजीओटी. त्याला भागायचं प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ यानं. प्लेटलेट हजारात घ्यायच्या, म्हणजे १ लाख ३० हजार असतील तर १३०. मामाचं करून बघा, ५८ गुणिले ४४ म्हणजे २५५२. ३६ चं वर्गमूळ ६, गुणिले १३० म्हणजे ७८०. उत्तर ३.२७. दुकानदार दादांचं, वय ३८, एसजीओटी ५२, एसजीपीटी ८६, प्लेटलेट २ लाख ४० हजार, उत्तर येतं ०.८९. १.३ च्या खाली असेल तर लिव्हरवर व्रण पडून ते कडक झालं असण्याची शक्यता बरीच कमी, २.६७ च्या वर असेल तर लिव्हरच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं, मधे असेल तर फायब्रोस्कॅन करून बघतात. पासष्टीच्या पुढे खालची लिमिट २ धरतात, पस्तिशीच्या आत हे गणित नीट चालत नाही, आणि कावीळ किंवा ताप चालू असताना तर करूच नका, उगाच भीतीदायक उत्तर येईल. हा निदानाचा शिक्का नाही, पुढची पायरी कुठली ते ठरवायला आहे. पण मला ते तेव्हा माहीत असतं तर मामाचे चार महिने वाचले असते.

फायब्रोस्कॅन म्हणजे सोनोग्राफीसारखंच, पोटावर उजव्या बरगडीत एक प्रोब टेकवतात, टकटक असे हलके धक्के देतात, दुखत नाही, दहा मिनिटांत होतं, फक्त आधी तीनेक तास काही खायचं नसतं. लिव्हर किती कडक आहे तो आकडा किलोपास्कलमध्ये येतो, ८ च्या आत असेल तर साधारण निर्धास्त. सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर ग्रेड १’ लिहून येतं त्यावर लोक फार अडकतात. ग्रेड म्हणजे चरबी किती दिसतेय एवढंच, लिव्हरला व्रण किती पडलेत ते त्यातून कळत नाही. ग्रेड १ वाल्याचं लिव्हर कडक असू शकतं आणि ग्रेड २ वाल्याचं मऊ.

फॅटी लिव्हरबद्दल बोलायलाच हवं कारण आमच्याकडे येणाऱ्या ‘एच’ पैकी सगळ्यात जास्त तेच असतं. २०२३ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी त्याचं नाव बदललं, आधी ‘नॉन-अल्कोहोलिक’ म्हणायचे, आता मेटाबॉलिक म्हणतात, म्हणजे मूळ कारण नावातच आलं, वाढलेलं पोट, शुगर, बीपी, ट्रायग्लिसराइड. मला हे नाव बदलणं मनापासून पटलं, त्या वहिनींना काउंटरवर नवऱ्याच्या निर्व्यसनीपणाची साक्ष द्यावी लागली होती ना. भारत सरकारनं २०२१ मध्येच फॅटी लिव्हरला मधुमेह-बीपीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलंय. आपल्या लोकांचं अजून एक वैशिष्ट्य असं की हातपाय बारीक आणि पोट तेवढं पुढे, वजनकाट्यावर फार नाही दिसत. म्हणून आपल्यासाठी बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त धरतात, आणि कमरेचा घेर पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८० च्या वर नको. टेप घ्या आणि बेंबीच्या लेव्हलला मोजा, पोट आत न ओढता.

दादांचं वजन ८४ होतं. डॉक्टरांनी त्यांना एकही ‘लिव्हर टॉनिक’ दिलं नाही, त्याचं त्यांना जरा वाईटच वाटलं होतं. सांगितलं एवढंच की ४ किलो उतरवा, लिव्हरमधली चरबी कमी होईल, ६ उतरले तर सूज जाईल, ८ उतरले तर पडलेले व्रणसुद्धा भरायला लागतात. हे ५, ७ आणि १० टक्क्यांचं गणित आहे, स्वतःच्या वजनाला लावून बघा. आठवड्याला अर्धा ते एक किलो, त्याहून घाई नको, उपाशी राहून झटक्यात वजन उतरवलं तर लिव्हरवरचा ताण उलट वाढतो.

मग त्यांनी काय केलं? दुकानात दिवसाला सहा चहा व्हायचे, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे ६० ग्रॅमच्या आसपास साखर फक्त चहातून, आणि दुपारी फ्रीजमधली एक थंड बाटली. ही बाटली सगळ्यात वाईट, गोड पेयातलं फ्रुक्टोज थेट लिव्हरकडे जातं आणि तिथे त्याची चरबी होते, पाकिटातल्या ज्यूसचंही तेच. बाटली बंद, चहा दोन, तोही अर्धा चमचा. साखरेऐवजी गूळ घातला तर चालेल का, हे मला रोज कोणीतरी विचारतं, लिव्हरला त्यात काही फरक कळत नाही. फरसाण आणि खारी काउंटरवरून हलवली, हाताशी फुटाणे ठेवले. जेवणात भात एक वाटी, भाकरी, घट्ट वरण किंवा मटकी-मुगाची उसळ, कोशिंबीर जास्त, अंडी चालतात, मासे उत्तम. तेल बंद करायची गरज नाही, महिन्याला घरात किती किलो आणतो ते मोजायची आहे. आणि रात्री नऊला दुकान बंद केल्यावर दोघं नवरा-बायको नदीच्या घाटापर्यंत भरभर चालायचे, अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. शतपावलीनं भागत नाही, चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये एवढा वेग पाहिजे. सोबत आठवड्यातून दोनदा काहीतरी जोर लावणारं, बैठका, पोती उचलणं, काहीही. सहा महिन्यांत वजन ७७, एसजीपीटी ३४, आणि ट्यूबमधलं सीरम स्वच्छ पिवळं. मी ती ट्यूब उजेडात धरून त्यांना दाखवली होती.

कॉफीबद्दल विचारतात म्हणून सांगते, बिनसाखरेची दोन-तीन कप कॉफी पिणाऱ्यांमध्ये लिव्हर कडक होण्याचं प्रमाण कमी दिसलंय, पचत असेल आणि झोप उडत नसेल तर घ्या. दारूबद्दल मात्र मधला रस्ता नाही, लिव्हरमध्ये चरबी असताना ‘थोडीशी’ सुद्धा नुकसान वाढवते, बिअर असो की वाइन. आणि रोज पिणाऱ्यानं अचानक बंद केली तर झटके, भास होऊ शकतात, तेव्हा बंद करा पण डॉक्टरांच्या देखरेखीत करा.

औषधांचं काय. टीबीची औषधं लिव्हरला त्रास देऊ शकतात, त्यात मळमळ, उलटी, भूक मरणं, डोळे पिवळे असं काही वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं, पण स्वतःच्या मनानं कोर्स सोडून द्यायचा नाही. पॅरासिटामॉल सांगितलेल्या डोसमध्ये सुरक्षित आहे, पण सर्दीच्या गोळीत, अंगदुखीच्या गोळीत, तापाच्या गोळीत तिन्हीकडे तेच असतं आणि माणूस नकळत तिप्पट घेतो. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या मात्र लोक उगाच बंद करतात, फॅटी लिव्हरमध्ये त्या साधारणपणे चालतात आणि हृदयासाठी गरजेच्या असतात. आणि आता ज्यावरून माझ्याशी सगळे भांडतात ते, काढे. ‘नैसर्गिक’ म्हणजे लिव्हरला सुरक्षित असं नसतं. कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा रोज पिणाऱ्या काही जणांना लिव्हरची गंभीर सूज आल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं. आयुष मंत्रालयानं तेव्हा म्हटलं की गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असू शकते. पण आपल्या अंगणातली वेल नक्की कुठली आहे हे आपल्याला तरी कुठे ओळखता येतं? अश्वगंधा, हळदीच्या जास्त ताकदीच्या कॅप्सूल, ग्रीन टी एक्स्ट्रॅक्ट, जिमच्या पावडरी, यांनीही लिव्हरला इजा झालेली आहे (भाजीत घालायच्या हळदीचा यात काही संबंध नाही). निदान एवढं करा, डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्या, पुड्या, बाटल्या एका पिशवीत घालून घेऊन जा आणि काही लपवू नका.

आता काविळीची माळ. गावाकडे अजून कावीळ उतरवणारे आहेत, डोक्यावर माळ ठेवतात ती वाढत वाढत गळ्यात येते, हात धुवून पाणी पिवळं करून दाखवतात. माझ्या आजीनं मलाही नेलं होतं लहानपणी, आणि मी बरी झाले. पण हिपॅटायटिस ए आणि ई ची कावीळ दूषित पाण्यातून होते आणि बहुतेक लोकांची काही आठवड्यांत आपली आपण जाते, माळ घातली तरी आणि नाही घातली तरी. २०१२ ला इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती ती याच हिपॅटायटिस ई ची, पाण्यातून आलेली. धोका माळेचा नाही, धोका वाया गेलेल्या दिवसांचा आहे, कारण कावीळ पित्तनळीतल्या खड्यानंही होते, लेप्टोस्पायरोसिसच्या तापानंही होते, औषधानंही होते. आणि गरोदर बाईला हिपॅटायटिस ई झाला तर जिवावर बेतू शकतं, तिथे एक दिवसही थांबायचं नाही, थेट मोठ्या हॉस्पिटलला. काविळीत फक्त उसाचा रस आणि उकडलेला भात देऊन पेशंटला आणखी अशक्त करू नका, भूक असेल ते घरचं साधं जेवण चालतं, आणि रसवंतीच्या बर्फाचं पाणी कुठलं असतं याचाही विचार करा.

हिपॅटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात, बी आईकडून बाळाला आणि शरीरसंबंधातूनही, आणि हे वर्षानुवर्षं गप्प बसतात. एसजीपीटी वाढलेलं असेल तर एचबीएसएजी आणि अँटी-एचसीव्ही या दोन टेस्ट आयुष्यात एकदा तरी झालेल्या हव्यातच. सी आता १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो, बी आटोक्यात राहतो, आणि २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ठरलेल्या सरकारी केंद्रांवर दोन्हीची औषधं मोफत मिळतात. बाळाला जन्मानंतर २४ तासांत हिपॅटायटिस बी ची लस दिलीय ना, एवढं दवाखान्यातून निघायच्या आधी विचारून घ्या. तरुण मुलामुलींमध्ये काहीच कारण सापडत नसेल तर डॉक्टर विल्सन नावाच्या आजारासाठी (यात शरीरात तांबं साठतं) आणि ऑटोइम्युन हिपॅटायटिससाठी (यात स्वतःची प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटते) तपासतात, दोन्हींवर उपचार आहेत, म्हणून ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणून सोडून देऊ नका.

मामा आता ६० चा आहे. सिरॉसिस उलटलेला नाही पण थांबलाय. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी असते कारण कडक झालेल्या लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ होण्याचा धोका राहतो आणि ती लहान असताना सापडली तर उपाय असतो. एकदा एंडोस्कोपी करून अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्यात का ते बघून झालं. मामीला वाटायचं डाळ-अंडी बंद करावीत, डॉक्टरांनी उलट वाढवायला सांगितली, आणि रात्री झोपताना एक वाटी काहीतरी खायचंच, कारण त्याचं लिव्हर रात्रभर पुरेल एवढी साखर साठवू शकत नाही, मग शरीर स्नायू खायला लागतं. मामी रोज दहाला त्याला दुधात नाचणीचं सत्त्व देते. आम्हाला घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय की तो बरळायला लागला, दिवसा झोपून रात्री जागायला लागला, शौच डांबरासारखी काळी झाली, रक्ताची उलटी झाली किंवा पोट फुगलं, तर रिपोर्टची वाट न बघता गाडी काढायची.

तुमच्या कागदावर नुसता एक ‘एच’ असेल, बाकी तब्येत ठीक असेल आणि डॉक्टरांनी परत तपासायला सांगितलं असेल, तर घाई करून तिसऱ्या दिवशी येऊ नका, दोन-तीन आठवडे ते तीन महिने, ते सांगतील तेवढं थांबा. येताना शक्यतो त्याच लॅबमध्ये या, आधी आठवडाभर जिम आणि अंगमेहनत कमी ठेवा, दारू नको, आदल्या रात्री नीट जेवून दहा-बारा तास उपाशी, पाणी मात्र भरपूर प्या म्हणजे शीर पटकन सापडते. सोबत सीबीसी पण करून घ्या, प्लेटलेटसाठी. आणि जुना रिपोर्ट घरी कपाटात ठेवू नका, घेऊन या, दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचायचे असतात.